माशांचीं सूतिकागृहें



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत प्राणिशास्त्राचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. त्याच्या गांवच्या तलावांत, कांठापासून दहा-बारा हातांवर, पाण्याच्या पृष्ठभागावर तांबड्या रंगाचा एक गोळा त्यानें पाहिला होता. तो गोळा हालत होता. क्षणांत पसरत होता, क्षणांत पुन्हां आवळत होता. आणि त्याच्या बरोबर खालीं एक मोठा काळसर मासा जवळजवळ स्थिर उभा होता. "गुरुजी, तीं माशाचीं पिलें होतीं हें मला कळलें, पण तो मोठा मासा तीं खाण्यासाठीं टपला होता, कीं त्यांची राखण करीत होता?" असा त्याचा प्रश्न होता.

उत्तर मीं त्याला तेव्हांच दिलें. तो मरळ मासा होता, आणि तो राखण करीत होता. परंतु प्रश्न इतक्या थोडक्यांत मिटणारा नव्हता. मासे अंडीं कोठें घालतात, तीच जागा कां निवडतात, आणि ती जागा नाहींशी झाली तर काय होतें, ह्या गोष्टी आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणून घ्याव्या अशा आहेत. कारण तलाव हें आपल्या जिल्ह्याचें वैभव आहे, आणि त्या तलावांवर पुष्कळ कुटुंबांची चूल पेटते. म्हणून तोच विषय ह्या वार्षिक अंकांत तुमच्यापुढें, आणि तुमच्या पालकांपुढेंही, ठेवीत आहें.

पाणी आहे तेथें मासे असावयाचेच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पक्ष्याला नुसतें आकाश पुरत नाहीं, घरट्यासाठीं झाड लागतें. त्याचप्रमाणें माशाला नुसतें पाणी पुरत नाहीं, अंडीं घालण्यास योग्य अशी जागा लागते. ही जागा ठरविणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. पाणी किती खोल आहे, तें वाहतें आहे कीं स्थिर, तळाशीं वाळू, गोटे कीं चिखल आहे, पाण्यांत कोणत्या वनस्पति आहेत, पाणी किती उष्ण आहे, आणि त्यांत प्राणवायु किती विरघळलेला आहे, ह्या सर्वांचा मेळ जमावा लागतो. मोठा मासा वाईट पाण्यांतून पळून जाऊं शकतो. अंडें मात्र जेथें पडेल, किंवा प्रवाह त्याला जेथें नेईल, तेथेंच जगतें किंवा मरतें. ह्याच कारणास्तव माशांच्या एखाद्या जातीचें भवितव्य तिच्या सूतिकागृहावर, म्हणजे तिच्या बाळंतपणाच्या जागेवर, अवलंबून असतें.

ह्या विषयाचा अभ्यास उत्तरेकडील थंड देशांत फार कसोशीनें झालेला आहे. त्यांतील दोन माशांची हकीकत आपल्याला उपयोगी पडेल. पहिला सॅमन. तो नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा इत्यादि देशांतील नद्यांत जन्मतो, समुद्रांत जाऊन वाढतो, आणि वयांत आल्यावर बहुधा आपल्या जन्माच्या नदींतच परत येतो. तेथें मादी एका कुशीवर होऊन शेपटीच्या फटक्यांनीं नदीच्या तळांतील लहान गोट्यांत खळगा करते, त्यांत अंडीं घालते, आणि पुन्हां गोट्यांनीं तीं झांकते. गोट्यांच्या फटींतून थंड, स्वच्छ पाणी वाहत राहतें व अंड्यांना प्राणवायु मिळतो. परंतु डोंगरावरील झाडें तुटलीं आणि माती वाहून आली, तर त्या फटी बुजतात आणि अंडीं आंतल्या आंत गुदमरतात. तेथील अभ्यासक ओढ्यांतून व नद्यांतून पायीं हिंडून असे उकरलेले खळगे मोजतात, आणि त्या संख्येवरून नदीचें आरोग्य ओळखतात.

दुसरा मासा पाइक. तो उत्तरेकडील सरोवरांत राहतो. बर्फ वितळून पाणी वाढलें, म्हणजे तें कांठावरील गवतांत पसरतें. त्या वेळीं पाइक मासे खोल पाणी सोडून अगदीं उथळ पाण्यांत येतात आणि बुडालेल्या गवतावर आपलीं चिकट अंडीं घालतात. मनुष्यानें कांठ दगडांनीं बांधून काढला, अथवा दरवाजे बसवून सरोवराची पातळी बारा महिने एकसारखी ठेवली, तर कांठचें गवत बुडत नाहीं, आणि पाणी भरपूर असूनही पाइकचा वंश क्षीण होतो.

एकाला वाहतें पाणी पाहिजे, दुसऱ्याला बुडालेलें गवत पाहिजे. आपल्या जिल्ह्यांत बर्फ नाहीं, सॅमन नाहीं, पाइकही नाहीं. तथापि हेच दोन प्रकार आपल्याकडेही आहेत, फक्त बर्फाच्या जागीं मृगाचा पाऊस आहे.

आतां आपला प्रदेश पाहूं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेकडे वैनगंगा व बाघ ह्या नद्या मध्यप्रदेशाची सीमा आंखतात. दक्षिणेकडील भागांत चुलबंद व गाढवी ह्या नद्या वाहतात. ह्या नद्यांचें पाणी अखेर वैनगंगेसच मिळतें. वैनगंगा पुढें वर्धेशीं संगम पावून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीस जाते. ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, धानाच्या शेतांच्या वरच्या अंगास, आपले जुने तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. हे तलाव बांधण्याच्या कामीं कोहळी समाजाची ख्याति आहे. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेच्या वेळीं कोहळ्यांचें कौशल्य पाहून त्यांना इकडे बोलावून आणलें, अशी दंतकथा आहे. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी ह्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधला असें सांगतात. त्याच्या भोंवतींच्या टेकड्यांना आजही 'सात बहिणी' म्हणतात.

ह्या तलावांची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या विषयाचें मर्म तिच्यांत आहे. तलाव म्हणजे चारही बाजूंनीं खोदलेला हौद नव्हे. उताराच्या जमिनीवर खालच्या बाजूस मातीची पाळ घालून वरून येणारें पाणी अडविलेलें असतें. पाळींत तुडूम असतो, त्यांतून शेताला पाणी सोडतात. आणि जास्त झालेलें पाणी जाण्यासाठीं एका अंगास सांडवा असतो. अर्थात् पाळीजवळ पाणी सर्वांत खोल, आणि समोरच्या बाजूस तें हळूहळू उथळ होत होत शेवटीं घोट्याइतकें राहतें. ही समोरची बाजू उन्हाळ्यांत कोरडी पडते, तिच्यावर ऊन लागतें, गुरें चरतात. पावसाळ्यांत ती पुन्हां पाण्याखालीं जाते. अनभिज्ञ मनुष्याला ही तलावाची निरुपयोगी जागा वाटते. वस्तुतः तेंच तलावाचें सूतिकागृह होय.

अंडीं घालण्याच्या रीतीवरून आपल्या माशांचे स्थूलमानानें तीन वर्ग पाडतां येतात.

पहिल्या वर्गांत लहान मासे येतात. खवली, कांचेसारखा पारदर्शक चांदा, सर्पाकृति वाम, हे त्यांतील परिचित होत. ह्यांचीं अंडीं चिकट असतात व तीं पाणवनस्पतींच्या पानांना, देंठांना चिकटून राहतात. आपल्या तलावांत पाण्याखालीं वाढणाऱ्या, रिबिनीसारख्या लांब पानांच्या अथवा बारीक पानांच्या दाट झुबक्यांच्या वनस्पति आहेत. वनस्पतिशास्त्र त्यांना व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला इत्यादि नांवांनीं ओळखतें. पाण्यावर कमळ व कुमुद पसरतात, आणि अगदीं कांठाला देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतो. ह्या वनस्पति अंड्यांना आधार देतात, दिवसा पाण्यांत प्राणवायु सोडतात, पिलांना मोठ्या माशांपासून लपण्यास जागा देतात, आणि पिलें जे सूक्ष्म जीव खातात त्यांनाही आपल्या पानांवर पोसतात. एकाच खोलींत पाळणा, पडदा आणि स्वयंपाकघर असावें, तसा हा प्रकार आहे. महाराष्ट्रांत आज मुख्यत्वें आपल्याच जिल्ह्यांत टिकून राहिलेला सारस पक्षीही ह्याच उथळ कांठावर आणि धानाच्या बांध्यांत वावरतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसऱ्या वर्गांत घर बांधणारे व पिलांची राखण करणारे मासे येतात. मागूर मासा पावसाळ्यांत उथळ पाण्यांत, धानाच्या बांधीच्या कडेला, चिखलांत बीळ करतो. त्यांत अंडीं घातलीं जातात आणि नर त्यांवर पहारा देतो. मरळीची रीत याहून निराळी आहे. नर-मादीची जोडी कांठच्या गवतांत सुमारें हातभर रुंदीची जागा मोकळी करते. अंडीं पिवळसर असून तीं पाण्यावर तरंगतात. सुमारें एका दिवसांत त्यांतून पिलें निघतात. हीं पिलें मग लालसर रंगाच्या थव्यानें पाण्याच्या वरच्या थरांत हिंडूं लागतात, आणि कित्येक दिवस आईबाप त्यांच्या खालीं व भोंवतीं राहून त्यांचें रक्षण करतात. आमच्या विद्यार्थ्यानें पाहिलेला तांबडा गोळा तो हाच.

येथें मला माझ्या लहानपणची एक चूक सांगितली पाहिजे. मी दहा-बारा वर्षांचा असतांना एका मित्रासह आमच्या गांवच्या तलावावर असाच एक तांबडा थवा पाहिला. पिलांजवळ मरळ हटकून असते आणि पिलांजवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर ती त्वेषानें धांवून येते, हें आम्हांला ठाऊक होतें. आम्हीं गळाला बेडूक लावून तो थव्यांत टाकला. क्षणांत गळाला हिसका बसला आणि हातभर लांबीची मरळ कांठावर आली. आमच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. जवळच जाळें वाळवीत बसलेले एक वृद्ध ढीवर बाबा उठून आले. त्यांनीं मासा पाहिला, पाण्याकडे पाहिलें, आणि एवढेंच म्हटलें, "पोरांनो, एक मासा नाहीं मारला तुम्हीं, भरला हंडा उपडा केला." त्यांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांला तेव्हां समजला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुन्हां तेथें गेलों. थवा विस्कटला होता. दोन बगळे उथळ पाण्यांत उभे राहून एकेक पिलूं टिपीत होते. तिसऱ्या दिवशीं तेथें कांहींच उरलें नव्हतें. त्या माशाची चव मला आठवत नाहीं. तें रिकामें पाणी मात्र अजून आठवतें.

तिसऱ्या वर्गांत रोहू, कटला व मृगळ हे नदीचे मोठे मासे येतात. ह्यांचीं अंडीं कशालाही चिकटत नाहींत. पावसाळ्यांत नदीला पूर येऊन पाणी कांठावर पसरतें, तेव्हां नर-मादी एकत्र येतात. अंडीं पाण्यांत फुगतात व प्रवाहाबरोबर जातात, आणि सुमारें सोळा ते अठरा तासांत पिलें बाहेर पडतात. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादींत दोन ते तीन लक्ष अंडीं असतात. हेच मासे स्थिर पाण्याच्या तलावांत सोडले तर ते वाढतात, मादीच्या पोटांत गाभोळीही भरते, पण पुराची व प्रवाहाची खूण मिळाल्यावांचून ती सहसा अंडीं सोडीत नाहीं. त्यामुळें तलावांत हे मासे पाळणाऱ्यांना त्यांचें बीज, म्हणजे इवलीं पिलें, पूर्वीं नद्यांतूनच धरून आणावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क माशाला टोचून त्याच्याकडून अंडीं घालविण्यांत यश मिळविलें. तीच रीत पुढें रोहू-कटल्यांसही लागू पडली. १० जुलै हा दिवस आपल्या देशांत राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज बाजारांत मिळणाऱ्या रोहू-कटल्यांपैकीं फार मोठा भाग ह्याच विद्येचें फळ आहे.

ह्या तिन्ही वर्गांना एक काळ समान आहे, तो म्हणजे पहिल्या जोरदार पावसाचा. मृगाच्या सरी कोसळल्या, नाले वाहूं लागले, कीं मासे खालच्या पाण्यांतून वर चढूं लागतात. नदींतून नाल्यांत, नाल्यांतून सांडव्याच्या वाटेनें तलावाकडे, तलावांतून धानाच्या बांधींत, असा त्यांचा प्रवास चालतो. ह्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतों; कोंकणांत ह्या मोसमाच्या मासेमारीला वलगण असें नांव आहे. उथळ पाण्यांत अडखळत चढणारा मासा काठीनें, टोपलीनें, हातानेंही धरतां येतो, म्हणून त्या दिवशीं सांडव्यावर गर्दी उसळते. परंतु चढणारी मादी बहुधा गाभोळीनें भरलेली असते. ती हौसेनें चढत नसते. बाळंतपणाची जागा शोधीत असते. मार्गशीर्षांत धरलेला मासा हा एक मासा असतो. मृगांत धरलेल्या माशाबरोबर पुढच्या वर्षाचें पीकही आपण खातों. शेतकरी कितीही अडचणींत असला तरी बियाण्याची कणगी शेवटपर्यंत राखतो. तोच न्याय येथें लावला पाहिजे.

दुर्दैवानें गेल्या कित्येक दशकांत हीं सूतिकागृहें एकामागून एक बंद पडत गेलीं. त्याचीं कारणें समजून घेऊं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ पासून हे तलाव सरकारकडे गेले. जमीनदारी जाणें न्यायाचेंच होतें. परंतु पाळीची, तुडुमाची, गाळाची देखभाल करण्याची जुनी गांवकी त्याबरोबर ढिली पडली व पुष्कळ तलाव गाळानें उथळ झाले. उन्हाळ्यांत उघड्या पडणाऱ्या भागावर कोठें कोठें अतिक्रमण होऊन पिकें उभीं राहिलीं. दुसरें कारण बेशरम ही वनस्पति. उष्ण अमेरिकेंतून आलेलें हें फिकट जांभळ्या फुलांचें झुडूप फांदी खुपसली तरी जगतें. तलावाच्या उथळ कांठावर तें रान माजवितें, गाळ अडवितें, आणि देवधानासारख्या मूळच्या वनस्पतींना जागा ठेवीत नाहीं. त्याच्या जाडजूड खोडांच्या दाटींत माशांना पूर्वींचें मऊ गवत मिळत नाहीं.

तिसरें कारण आपल्या चांगल्या हेतूंतूनच आलें. उत्पन्न वाढावें म्हणून तलावांत रोहू-कटल्यांबरोबर सायप्रिनस, गवत्या व चंदेऱ्या हे परदेशी मासेही सोडण्यांत आले. ते लवकर वाढतात, हें खरें. परंतु सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि गवत्या तर पाणवनस्पतींवरच जगतो. ज्या पानांना आपल्या लहान माशांचीं अंडीं चिकटावयाचीं, तींच पानें तो खाऊन टाकतो. शिवाय रोहू, कटला, गवत्या ह्यांचें बीज पुन्हां पुन्हां विकत आणावें लागतें. खवली, मरळ, मागूर, शिंगी हे मात्र जागा मिळाली तर आपलें बीज आपणच देतात, आणि त्यासाठीं ढीवराला एक पैसाही मोजावा लागत नाहीं. बाजारांत मरळीला भाव चांगला येतो, आणि लहान मासा गरिबाच्या ताटांत कालवण होऊन पडतो. म्हणून हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाहीं, घरखर्चाचाही आहे.

चौथें कारण वाटेचें. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० सालीं पूर्ण झालें. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यांत गोसीखुर्दचें मोठें धरण उभें राहिलें, त्याची पायाभरणी १९८८ सालीं झाली होती. अशा धरणांनीं शेतीला पाणी दिलें, तें आपल्याला हवेंच आहे. परंतु नदीला आडवी भिंत पडली म्हणजे वर चढणाऱ्या माशाचा मार्ग तेथें संपतो, हें कोणत्याही देशांत सारखेंच खरें आहे. लहान प्रमाणावर हेंच काम सांडव्याच्या तोंडाशीं लावलेलें बारीक जाळें करतें. भर म्हणून धानावर फवारलेलें औषध बांधीतून वाहून तलावांत येतें, आणि कांहीं लोक पाण्यांत विष किंवा सुरुंग टाकून मासे मारतात. ह्या शेवटल्या प्रकाराला १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेंच बंदी केली होती. शंभर वर्षांहून जुनी असलेली ही बंदी पाळणें तरी आपल्या हातीं आहे.

इतकें वाचून कोणी निराश होऊं नये. बंद पडलेलें सूतिकागृह पुन्हां उघडतां येतें, आणि तें आपल्याच जिल्ह्यांत उघडून दाखविलेलें आहे. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत श्री. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ह्यांनीं ढीवर समाजाबरोबर हें काम केलें. प्रथम त्यांनीं ढीवरांचें ज्ञान विचारून घेतलें: कोणत्या माशाला कोणती वनस्पति लागते, ती किती पाण्यांत उगवते, कोणता मासा तिचें पान खातो आणि कोणता तिच्या आडोशाला राहतो. हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. पिढ्यान् पिढ्या पाण्यांत उभ्या राहिलेल्या माणसांच्या डोक्यांत होतें. नंतर निवडलेल्या तलावांत ढीवर स्त्री-पुरुषांनीं बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यांत उघडा पडलेला तळ नांगरला, म्हणजे घट्ट झालेली माती मोकळी व्हावी. आणि पावसाळ्यांत इतर तलावांतून स्थानिक पाणवनस्पति आणून त्या रोपाप्रमाणें लावल्या. आपण बांधींत धानाची रोवणी करतों, तशी ही तलावांतली रोवणीच म्हणावयाची. वनस्पति रुजल्या आणि त्यांच्या मागोमाग मूळचे मासे व पक्षीही परतूं लागले. मोठें यंत्र लागलें नाहीं. जुनें ज्ञान, श्रम आणि धीर लागला.

आतां तुम्ही काय करूं शकाल तें सांगतों. तुमच्या गांवच्या तलावाची अथवा बोडीची एक वही करा. पानाच्या डोक्यावर तारीख व नक्षत्र लिहा, कारण आपले वडील पावसाचा हिशेब नक्षत्रांवरच ठेवतात. रोहिणीपासून हस्तापर्यंत आठवड्यांतून एकदां पुढील गोष्टी नोंदा: पाणी कोणत्या खुणेपर्यंत आलें, कांठावर कोणत्या वनस्पति दिसतात, सांडवा वाहतो कीं नाहीं, चढणीचे मासे कोणत्या दिवशीं प्रथम दिसले, तांबडा थवा कोठें व किती दिवस दिसला. पाण्याची स्वच्छता मोजण्याची एक सोपी युक्ति आहे. इटालियन धर्मगुरु व ज्योतिषी अँजेलो सेकी ह्यांनीं १८६५ सालीं समुद्राच्या पाण्यासाठीं ती वापरली. पांढरी तबकडी दोरीनें पाण्यांत सोडावयाची, आणि ती दिसेनाशी होईल तेथपर्यंत दोरी मोजावयाची. घरांतील जुनी पांढरी थाळी, एक दगड आणि हातभर अंतरावर गांठी मारलेली दोरी एवढ्यानें हें काम होतें. दरवर्षीं त्याच जागीं, त्याच महिन्यांत मोजलें तर गाळ वाढतो कीं घटतो तें तुमची वहीच सांगेल.

दोन अटी मात्र पाळा. एकटें पाण्यांत उतरूं नका. पाळीजवळचें पाणी खोल असतें, म्हणून वडील माणूस बरोबर असल्याखेरीज कांठ सोडूं नये. आणि अंडीं, घरटें, थवा ह्यांना हात लावूं नका. पाहणें हाच आपला अभ्यास. शक्य असेल तर गांवांतील एखाद्या वयोवृद्ध ढीवर बाबांना किंवा आजींना भेटा आणि माशांचीं व वनस्पतींचीं त्यांच्या तोंडचीं नांवें जशींच्या तशीं लिहून घ्या. पुष्कळ नांवें त्यांच्याबरोबरच लोपण्याच्या मार्गावर आहेत.

पालकांनाही एक विनंति आहे. मृगाच्या पहिल्या पुरांत सांडव्यावरून टोपली भरून आणण्याचा मोह आवरावा, आणि मुलानें तांबड्या थव्याची वार्ता घरीं आणली तर गळ काढण्याऐवजीं त्याच्याबरोबर तो थवा पाहण्यास जावें. ग्रामसभेंत तलावाचा विषय निघाला, तर पाळीच्या दुरुस्तीबरोबर समोरच्या उथळ कांठाचीही चौकशी करावी; तेथें बेशरम आहे कीं देवधान, एवढें विचारलें तरी पुष्कळ झालें.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून हा लेख सुरू झाला, त्यानें त्या तांबड्या थव्याजवळ कोणालाही गळ टाकूं दिला नाहीं. शाळा सुटल्यावर तो रोज कांठावर जाऊन बसे. सतराव्या दिवशीं त्यानें मला सांगितलें कीं, पिलांचा तांबडा रंग आतां उरला नाहीं, तीं काळपट झालीं आहेत, थवा मोडला आहे आणि मोठा मासा दिसेनासा झाला आहे. त्याच्या चेहऱ्यावर थोडी काळजी होती. मीं त्याला म्हटलें, "बाळ, काळजीचें कारण नाहीं. पिलें मोठीं झालीं, म्हणून राखण संपली. हें तुझ्या वहींत लिहून ठेव."